बंद पडलेलं जुनं रुग्णालय सांभाळायचं कसं: कुलूप लावण्याआधीची आणि नंतरची कामं

जुनं रुग्णालय नव्या इमारतीत हललं की मागे राहिलेल्या वास्तूचं काय होतं, याचा एक ठरलेला साचा आहे. आधी दर्शनी भिंतीला रंग लागतो. मग खिडक्यांवर पत्रे ठोकले जातात, दाराला साखळी पडते आणि फाटकावर ‘प्रवेश बंद’ची पाटी लागते. पाच वर्षांनी कुणीतरी साखळी तोडून आत जातं, तेव्हा वरच्या मजल्याची तक्तपोशी खालच्या वॉर्डात आलेली असते. रंग मात्र शाबूत असतो.

पैसा कमी पडला म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा पैसा खर्च होतो, पण उलट्या क्रमाने. योग्य क्रम असा: आधी आतले धोके, मग नोंद, मग पाणी, मग आधार, मग हवा आणि बंदोबस्त. गिलावा आणि रंग सगळ्यात शेवटी, आणि कित्येकदा तर आत्ता नाहीच. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाका. ‘वर्षभरात नवा वापर सापडेल’ हा अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरातलं, वास्तुरचनाकार रिचर्डसन यांनी आखलेलं मनोरुग्णालय घ्या. मुख्य इमारतीतून रुग्ण हलले १९७० च्या दशकात आणि तिच्या एका भागात हॉटेल उघडलं २०१७ मध्ये. तेव्हा तयारी दहा वर्षांची करा. लवकर काही जमलं, तर उत्तमच.

## टप्पा १: आत पाऊल टाकण्याआधी

पहिला आठवडा कागदांचा. जुने नकाशे, ड्रेनेजचे आराखडे, विजेच्या वायरिंगचे कागद, मागच्या दुरुस्त्यांची बिलं, जे मिळेल ते गोळा करा. रुग्णालयाची इमारत एकदाच बांधून होत नाही. दर पंधरा-वीस वर्षांनी तिला काहीतरी चिकटवलेलं असतं: लिफ्ट, एक्स-रे खोली, मागचा जिना, गच्चीवरची टाकी. गळती आणि भेगा बहुधा या जोडांवरच सापडतात. म्हणून नकाशावर प्रत्येक वाढीव भाग वेगळ्या रंगाने रंगवा. पुढचं निम्मं निदान त्यातूनच होतं.

इथे शेवटपर्यंत काम केलेला जुना वॉर्डबॉय, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन शोधा आणि त्याला आवारातून एक फेरी मारायला लावा. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, कुठल्या फरशीखाली चेंबर आहे, पावसात कुठे बादली ठेवावी लागायची, हे कुठल्याच कागदावर नसतं. त्याच्या तोंडात असतं, आणि तो माणूसही दरवर्षी एक वर्षाने म्हातारा होतो.

आत एकट्याने जायचं नाही. दोघं आत, एक बाहेर, आणि परत यायची वेळ आधी सांगितलेली. हेल्मेट, जाड तळाचे बूट, हातमोजे, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क (रुमाल चालत नाही) आणि प्रत्येकाकडे दोन टॉर्च. लाकडी जमिनीवर चालताना खोलीच्या मधून जाऊ नका. भिंतीच्या कडेने, तुळया जिथे भिंतीत शिरतात त्या बाजूने चला, आणि तिथेही आधी काठीने ठोकून बघा. लिफ्टचा खड्डा, फरशीतली झाकणं, तळघराचा जिना यांवर पहिल्याच दिवशी फळ्या टाकून खूण करा.

तपासा: निर्णय कोण घेणार, हे लेखी आहे का? मालक संस्था, वारसा यादीशी संबंधित खातं आणि अभियंता यांच्यापैकी कुणीच ‘हो’ म्हटलेलं नसताना पहिली वीटही हलवू नका.

## टप्पा २: रुग्णालयाचे स्वतःचे धोके

जुना वाडा किंवा बंगला सांभाळलेली माणसं नेमकी इथे फसतात. रिकाम्या रुग्णालयात अशा वस्तू राहून जातात, ज्या इतर कुठल्याच रिकाम्या इमारतीत नसतात.

सगळ्यात आधी किरणोत्सर्गी स्रोत. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये दोघा जणांनी भंगार म्हणून एक यंत्र उचलून नेलं. रेडिओथेरपीची एक संस्था दुसरीकडे हलली होती आणि यंत्र जुन्या जागेतच पडलं होतं. आत सीझियम-१३७ होतं. निळसर चकाकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली. चार जणांचा जीव गेला आणि घरंच्या घरं पाडावी लागली. इथे एक फरक नीट समजून घ्या. साधं एक्स-रे यंत्र वीज बंद असताना किरण सोडत नाही. कर्करोगावरच्या उपचाराची यंत्रं, रेडियमच्या सुया आणि नळ्या, अणुऔषध विभागातलं साहित्य या गोष्टी मात्र वीज असो-नसो, किरण सोडतच राहतात. उपचारांच्या यादीत रेडियम किंवा रेडिओथेरपीचा उल्लेख दिसला, तर तो भाग सील करा आणि आपल्या देशाच्या किरणोत्सर्ग नियामक यंत्रणेकडून मोजणी झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका.

दुसरा धोका जुन्या एक्स-रे फिल्म. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते आणि तिचा धूर विषारी असतो. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये तळघरात साठवलेल्या अशाच फिल्मनी पेट घेतला आणि १२३ माणसं मेली. चिकट झालेल्या, पिवळट-तपकिरी पडलेल्या, उग्र वास येणाऱ्या फिल्मचे गठ्ठे दिसले तर ते हलवू नका, दिवा जवळ नेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा.

प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना हात लावायचाच नाही. पिक्रिक ॲसिड ओलं असेपर्यंत बरं. सुकून झाकणाच्या आट्यांमध्ये त्याचे स्फटिक जमले की झाकण फिरवण्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. जुन्या ईथरचंही तसंच आहे. ‘काय आहे बघूया’ म्हणून झाकण उघडणारा मदतनीस प्रत्येक गटात एक तरी असतो. त्याला त्या खोलीत पाठवू नका.

बाकीचे धोके थोडक्यात. फुटलेल्या थर्मामीटरचा आणि रक्तदाब यंत्रांचा पारा लाकडी जमिनीच्या फटींत वर्षानुवर्षं बसून असतो. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने तो ओढला की त्याची वाफ खोलीभर होते. बॉयलर खोलीत आणि वाफेच्या नळांवर पांढरं, पट्ट्या गुंडाळल्यासारखं वेष्टण दिसलं, तर नमुना तपासून येईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागावरच्या चकचकीत तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तो कोरडा घासू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी करून घ्या.

इशारा: हे धोके काढायला परवानाधारक माणसंच लागतात. स्वयंसेवकांच्या ‘स्वच्छता मोहिमे’ने सुरुवात करणं हा या सगळ्या कामातला सर्वात महागात पडणारा उत्साह आहे.

## टप्पा ३: नोंद, आणि मगच आवराआवर

धोके हटल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नका. फरशीवर पडलेला गिलाव्याचा तुकडा म्हणजे छतात कुठे काय झालं याचा पुरावा असतो. तो झाडला की पुरावा गेला.

प्रत्येक खोलीला स्वतःचा नवा क्रमांक द्या. रुग्णालयाचे वॉर्ड नंबर वापरू नका, कारण ते तीन-चार वेळा बदललेले असतात आणि वेगवेगळ्या नकाशांवर वेगवेगळे असतात. क्रमांकाची पट्टी दाराच्या मुठीला दोऱ्याने बांधा, चौकटीत खिळा मारू नका. फोटोचा क्रमही एकच ठेवा: दारातून आत, डावीकडून चारही कोपरे, मग छत, मग जमीन. पहिल्या फोटोत क्रमांकाची पाटी धरा. कंटाळवाणं काम आहे, पण सहा महिन्यांनी ‘ही भेग तेव्हा होती का?’ असा वाद होतो, तेव्हा हेच फोटो उपयोगी येतात.

ओलीच्या डागाभोवती मऊ पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहा. (भिंतीवर जुनं चित्रकाम किंवा अक्षरं असतील तर रेघ भिंतीवर नको, फोटोवर.) डाग रेघेबाहेर गेला की गळती चालू आहे आणि आतच राहिला की जुनी आहे. कुठल्याही यंत्राशिवाय इतकी स्पष्ट माहिती दुसरं काही देत नाही.

भेगांवर मोजपट्टी बसवा, किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक स्क्रू ठोकून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या पट्टीने) दर महिन्याला मोजा. निदान वर्षभर मोजा. उन्हा-पावसाबरोबर उघडझाप करणारी भेग आणि एकाच दिशेने रुंदावत जाणारी भेग यांची औषधं वेगळी आहेत. वर्षभराच्या आकड्यांशिवाय हा फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही.

रुग्णांचे कागद सापडणारच. केसपेपर, रजिस्टरं, खाटेला अडकवलेली कार्डं. ते जाळू नका आणि उघड्यावरही टाकू नका. त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर तर मुळीच नकोत, ती माणसांची खासगी माहिती आहे. मोजदाद करून कुलुपात ठेवा आणि संबंधित अभिलेखागाराला कळवा. कागद भिजलेले असतील तर ४८ तासांच्या आत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर ते गोठवून ठेवतात, म्हणजे पुढचं काम सावकाश करता येतं.

पितळी मुठी, शस्त्रक्रियागृहातला दिवा, मुलामा दिलेल्या पाट्या, असं जे सहज उचलून नेता येईल ते चिठ्ठी बांधून, यादी करून त्याच आवारातल्या एका कोरड्या खोलीत ठेवा. सुरक्षित म्हणून दुसऱ्या शहरात हलवलेली वस्तू सहसा परत येत नाही.

## टप्पा ४: पाणी

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

छप्पर तपासायचा खरा दिवस म्हणजे मुसळधार पावसाचा. त्या दिवशी छत्री घेऊन आवारात उभं राहा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते नुसतं बघा. पन्हळीतून कुठे ओसंडतंय, कुठल्या पाइपच्या तोंडातून काहीच येत नाही, कुठल्या भिंतीवर पाण्याचा ओघळ चकाकतोय. मग आत जाऊन पोटमाळ्यावर टॉर्च मारा. कोरड्या दिवशी केलेल्या तपासणीचा अहवाल कितीही जाडजूड असला तरी तो अंदाजच.

मी पाहिलेल्या एका जुन्या वॉर्डात कौलं जवळजवळ सगळी शाबूत होती. तरीही कैचीचं (छपराचं वजन पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं) एक टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड नव्हतंच, वरच्या रंगाच्या सालीखाली ओला भुसा होता. कारण शोधायला अख्खी सकाळ गेली. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीच्या तोंडाशी कबुतरांचं एक घरटं होतं, ओंजळीत मावेल एवढं. तुंबलेलं पाणी उलटं भिंतीत शिरत होतं आणि किती वर्षं शिरत होतं कोण जाणे. घरटं काढायला दहा मिनिटं लागली. कैची बदलायला परांची, तात्पुरते टेकू आणि अडीच महिने.

क्रम असा ठेवा:

१. पन्हळी, दोन छपरांमधल्या घळ्या आणि पाइपांची तोंडं साफ करा. तोंडाशी जाळी बसवा, पण घुमटाकार. सपाट जाळीवर पानं बसली की तीच बूच होते.

२. प्रत्येक पाइपमध्ये वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली तेवढंच बाहेर पडतंय का बघा. रुग्णालयांत पावसाळी पाइप कित्येकदा भिंतीच्या आतून नेलेले असतात. आत गेलेलं पाणी बाहेर आलं नाही तर ते भिंतीतच मुरतंय.

३. सुटलेली कौलं, फुटलेले पत्रे, गच्चीच्या कठड्याचे सांधे आणि चिमणी-छपराचे जोड दुरुस्त करा. कायमची दुरुस्ती आत्ता शक्य नसेल तर तात्पुरतं छत घाला, पण वाऱ्याने उडणार नाही असं बांधा आणि त्यावर तारीख लिहा. निळी ताडपत्री म्हणजे छप्पर नव्हे. उन्हात ती फार दिवस टिकत नाही.

४. पाइपमधून पडणारं पाणी पायापासून निदान दोन मीटर लांब न्या. भिंतीलगतची माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आली असेल तर ती उतरवा. खालची हवाझरोकी बहुतेक त्याच मातीखाली सापडतात.

५. शिशाचे पत्रे आणि तांब्याचे पाइप चोरीला जातात, आणि चोरी झालेली कळते ती पुढच्या पावसात. चोरी झाली असेल, किंवा होण्याची दाट शक्यता असेल, तर तात्पुरते प्लास्टिकचे पाइप लावा. दिसायला वाईट, पण कुणी नेत नाही.

तपासा: दुरुस्तीनंतर पहिल्या मोठ्या पावसात पेन्सिलीच्या रेघा पुन्हा बघा. लाकडातली ओल टोचणीच्या मीटरने मोजा. २० टक्क्यांच्या खाली आली की बुरशीची काळजी मिटत जाते. हाच मीटर विटेत किंवा गिलाव्यात टोचून आलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. क्षारांमुळे तो भलतंच काही दाखवतो.

## टप्पा ५: आधार द्या, बदलू नका

इथे कामाचं उद्दिष्ट एवढंच की काही पडू नये. कुजलेल्या तुळईला धिरा (खालून उभा टेकू) द्या, सुटलेल्या कमानीखाली लाकडी साचा बसवा, फुगलेल्या भिंतीला बाहेरून टेकू द्या. धिऱ्याचं ओझं थेट जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे. पहिल्या मजल्याच्या कच्च्या जमिनीवर उभा केलेला धिरा दुसऱ्या मजल्याचं वजन पहिल्यावर टाकतो, दुसरं काही करत नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता खाली उतरून धिऱ्याखाली काय आहे ते आधी बघतो.

विसाव्या शतकातल्या क्षयरोग रुग्णालयांचे उन्हात बसायचे लांब सज्जे बहुधा पातळ काँक्रीटचे असतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. ताज्या तोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून दाखवणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झालं ते काँक्रीट अजून गजांना सांभाळतंय. रंग बदललाच नाही आणि तो थर गजापर्यंत पोचला असेल, तर गंज आज ना उद्या गजाला फुगवून काँक्रीट फोडणार. अशा सज्ज्याखालून वावर बंद करा आणि अभियंत्याला बोलवा. वरून सिमेंटचा हात फिरवून काहीही साधत नाही.

जे नव्याने घालाल ते नवं म्हणून ओळखू यावं आणि पुढे काढता यावं. धिऱ्यांवर, पट्ट्यांवर तारीख टाका.

## टप्पा ६: वाळवी, पक्षी, झाडं

वाळवीची मातीची नळी दिसली की बोटभर तोडा आणि तारीख लिहा. आठवड्यात ती पुन्हा बांधली गेली तर वसाहत जिवंत आहे. नुसती जुनी नळी पाहून सगळीकडे औषध मारत सुटू नका.

कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही, कारण त्या धुळीतून फुप्फुसांचे आजार होतात. आधी पाण्याने भिजवा, मास्क लावा, मग खरवडून पिशव्यांत भरा. जाळ्या बसवण्याआधी आत पिल्लं नाहीत ना, हे पाहा. वटवाघळं असतील तर जाणकाराला विचारा, अनेक देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप हाताने उपटू नका. मुळाबरोबर दोन विटा येतात आणि अर्धं मूळ आत राहतं. बुंध्याशी कापा, कापल्या-कापल्या लगेच कापावर मूळ मारणारं औषध लावा, आणि ते पूर्ण वाळल्यावर मूळ काढून ती जागा चुन्याने भरा.

## टप्पा ७: नळ, मोऱ्या, वीज

पाणी मुख्य व्हॉल्व्हपाशी बंद करा आणि टाक्या-नळ पूर्ण रिकामे करा. गोठवणारी थंडी पडत असेल तर एकाही वाकात पाणी राहता कामा नये. पण अग्निशमनाची वेगळी लाइन असेल तर ती अग्निशमन दलाला विचारल्याशिवाय तोडायची नाही.

यानंतरची चूक सगळेच करतात. रुग्णालयात बेसिन आणि मोऱ्या शेकड्याने असतात. प्रत्येकाखालच्या वाकात साचलेलं पाणी गटाराचा वायू आणि घुशी-झुरळं अडवतं. वापर थांबला की ते पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि सगळी इमारत गटाराशी जोडली जाते. लागणार नसलेली तोंडं बूच मारून बंद करा. उरलेल्यांत पाणी घालून वर थोडं खनिज तेल ओता, म्हणजे ते लवकर उडत नाही. गोठण्याची भीती असेल तिथे पाण्याऐवजी बिनविषारी गोठणरोधक वापरा.

वीज सरसकट तोडू नका. जुनं वायरिंग तोडा, पण मुख्य बोर्डापासून एक नवी, स्वतंत्र लाइन घ्या: धुराचे सेन्सर, अलार्म, तळघरातला पंप आणि जिन्यातले चार दिवे एवढ्यापुरती. तळघरात आणि वॉर्डांना जोडणाऱ्या भुयारी वाटांमध्ये पंप बंद पडला की पाणी किती लवकर चढतं, याचा अंदाज आधी घ्या.

## टप्पा ८: खिडक्या बंद, हवा चालू

जुन्या वॉर्डांची रचनाच वाऱ्यासाठी केलेली असते: समोरासमोर उंच खिडक्या, छताजवळ झरोके, भिंतीतून वर गेलेल्या हवेच्या पोकळ्या. नाइटिंगेल पद्धतीच्या, म्हणजे दोन्ही भिंतींलगत खाटांच्या रांगा असलेल्या लांब वॉर्डात हे लगेच दिसतं. अशा इमारतीवर सगळीकडून पत्रे ठोकले की आतली ओल आतच कोंडते आणि दोन वर्षांत भिंतींवर काळी बुरशी चढते. चोरांपासून वाचवलेली इमारत अशी वाफेने जाते.

खिडकीवर १२ मिलिमीटरची बाहेरच्या दर्जाची प्लायवूड बसवा आणि तिच्यात तिरप्या पट्ट्यांची झडप ठेवा. झडपेला आतून बारीक जाळी. फळी चौकटीत खिळ्यांनी ठोकू नका. आतल्या बाजूला आडवी दांडी ठेवून लांब बोल्टने फळी आणि दांडी एकमेकांना आवळा, म्हणजे चौकटीला एकही भोक पडत नाही आणि बाहेरून बोल्ट उघडता येत नाही. जुनी काच आणि तावदानं फळीमागे तशीच राहू द्या.

झडपा खाली वाऱ्याच्या बाजूला आणि वर विरुद्ध बाजूला, म्हणजे हवा इमारतीतून आरपार वर चढते. वॉर्डांची आतली दारं, कपाटांची दारं, औषधांचे फडताळ, सगळं उघडं ठेवून अडकवा. जिन्याजवळची आग अडवणारी दारं मात्र बंदच. ढोबळ हिशेब असा की तासाला एक ते चार वेळा आतली हवा बदलली पाहिजे. ते मोजायला कुणी जात नाही. त्यापेक्षा चार-पाच ठिकाणी आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवा. आकडा आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांच्या वर राहिला तर झडपा कमी पडताहेत.

याला अपवाद तळघराचा. बाहेरची हवा गरम आणि दमट असताना ती थंड तळघरात घेतली तर भिंतींना घाम फुटतो. त्या दिवसांत तळघराच्या झडपा बंद, कोरड्या दिवसांत उघड्या.

## टप्पा ९: आग आणि चोर

रिकाम्या वास्तूंचा मोठा शत्रू आग, आणि ती कित्येकदा दुरुस्तीच्या कामातूनच लागते. वेल्डिंग किंवा ज्योतीचं काम लेखी परवान्याशिवाय नको. ते दुपारीच थांबवा आणि त्यानंतर निदान तासभर माणूस तिथे बसवून ठेवा. गाद्या, कागद, लाकडी सामान असं जळाऊ काही आत ठेवू नका. अग्निशमन दलाला एकदा आत फिरवून नकाशाची प्रत द्या.

कुलपं थोडी आणि भक्कम ठेवा, एकाच दाराने ये-जा. मला विचाराल तर कुंपणापेक्षा शेजारी जास्त कामाचे. समोरच्या चार घरांना फोन नंबर देऊन ठेवा.

## टप्पा १०: आता चुना

वरचं सगळं झाल्यावर आणि भिंत एक पूर्ण ऋतुचक्र वाळल्यावरच गवंडी बोलवा.

चुन्यातल्या विटकामावर सिमेंटचा गिलावा लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सिमेंट कठीण आणि कोंदट. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून वाट काढते, लोणा लागतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. दरज, म्हणजे दोन विटांमधला मालाने भरलेला सांधा, नेहमी विटेपेक्षा मऊ असली पाहिजे. झिजायचं तर तिने झिजावं, वीट वाचावी.

सैल झालेली दरजच काढा, तीही छिन्नीने. ग्राइंडर विटेची कड खातो. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट. मग धूळ काढून पाणी मारा. माल साधारण एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली टोकदार वाळू, पण आधी जुन्या मालाचा नमुना तपासून प्रमाण ठरवा. गिलाव्याचा एक थर १० मिलिमीटरच्या आसपास, आणि पहिला आवळल्याशिवाय दुसरा नाही. कडक ऊन नको, ५ अंशांखालची थंडी नको. ओलं गोणपाट बांधून हळूहळू सुकू द्या. भराभर सुकलेला चुना पिठासारखा झडतो.

रुग्णालयात भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा गोल असतो, धूळ साचू नये म्हणून. तो काटकोनात भरून टाकू नका. मोझॅकची जमीन ॲसिडने धुऊ नका, त्यातली संगमरवराची खडी आणि सिमेंट दोन्ही खरवडली जातात. शस्त्रक्रियागृहाच्या टाइल्स बोटाने वाजवत जा. पोकळ आवाज आलेल्यांवर कागदी पट्टी चिकटवा, पाडू नका.

## टप्पा ११: फेरी आणि वही

आठवड्याला बाहेरून एक चक्कर. महिन्याला आतून, प्रत्येक खोली. प्रत्येक वादळानंतर लगेच. वर्षातून दोनदा पन्हळी, त्यातली एक फेरी पावसाच्या तोंडावर. वर्षाला अभियंता.

वही फाटकापाशी ठेवा, ऑफिसात नाही. तारीख, हवामान, कोण गेलं, काय दिसलं. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ हेही लिहायचं. सलग सहा ‘काही नाही’ एकाच अक्षरात, एकाच शाईत दिसले, तर माणूस फेरी मारत नाही, नुसती वही भरतोय. तेव्हा फेरीचा माणूस दर तीन महिन्यांनी बदला. नव्या डोळ्यांना जुनी भेग दिसते.

## टप्पा १२: पुन्हा उघडताना

नवा वापर ठरला की सगळ्यांना घाई होते. पहिल्याच आठवड्यात हीटर किंवा एसी जोरात लावला तर लाकूड तडकतं आणि भिंतीतले क्षार भसाभस बाहेर येतात. आधी फळ्या काढा, खिडक्या उघडा, मग तापमान आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं बदला.

नळांत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि ते श्वासावाटे, तुषारांतून शरीरात जातात. म्हणून शॉवर आणि फवारे आधी काढून ठेवा. नळाच्या तोंडाला पाइप जोडून त्याचं टोक मोरीत बुडेल असं ठेवा आणि प्रत्येक नळ सावकाश वाहू द्या, मुख्य व्हॉल्व्हच्या जवळच्यापासून सगळ्यात लांबच्यापर्यंत. टाक्या धुऊन निर्जंतुक करा, नमुने प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल हातात येईपर्यंत कामगारांसाठी पिण्याचं पाणी बाहेरून आणा.